विक्री आणि खप : शास्त्रीय ग्रंथाच्या वाचकाविषयी

मराठी समीक्षेने पुस्तकाच्या विक्रीचा विचार आजवर बहुधा एकाच संदर्भात केला आहे, आणि तो म्हणजे लोकप्रिय साहित्याचा. कादंबरीच्या किती आवृत्त्या निघाल्या आणि त्यावरून तिच्या वाङ्मयीन मूल्याविषयी काही म्हणता येते का, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो आहोत. शास्त्रीय, अभ्यासपर किंवा तांत्रिक ग्रंथ मात्र या वादात कधी आलाच नाही. त्याची विक्री अल्प असणार, हे जणू त्याच्या व्याख्येतच गृहीत धरलेले असते. आणि ज्याची विक्री अल्प तो ग्रंथ सखोल, अशी एक सोयीची समजूत विद्यापीठीय वर्तुळात रुजलेली आहे. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. विक्रीचा प्रश्न प्रकाशकाच्या हिशेबवहीत संपत नाही. मराठीत कोणत्या घाटाचा विचारग्रंथ लिहिला जाऊ शकतो आणि कोणत्या घाटाचा लिहिलाच जात नाही, या प्रश्नाशी तो बांधलेला आहे.

या व्यवहारासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते समानार्थी म्हणून वापरतो. विक्री म्हणजे पैसा आणि प्रत यांची अदलाबदल. प्रत हातातून हातात गेली की विक्री पुरी झाली. खप म्हणजे वस्तू वापरली जाऊन संपणे. घरात तेल खपते, धान्य खपते. 'खपणे' या क्रियापदाला कष्ट उपसणे असाही अर्थ आहे, आणि तो येथे अगदीच गैरलागू नाही, कारण शास्त्रीय ग्रंथ वाचकाकडून कष्ट मागतो. कादंबरीच्या बाबतीत विक्री आणि खप ही सामान्यतः एकाच घटनेची दोन नावे ठरतात. विकत घेतलेली कादंबरी बहुधा वाचली जाते. शास्त्रीय ग्रंथाच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटलेल्या आहेत. विक्री आहे पण खप नाही, आणि खप आहे पण विक्री नाही, अशा दोन टोकांमध्ये आजचा मराठी अभ्यासग्रंथ वावरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे की ही फारकत ग्रंथाच्या बाहेर राहत नाही. ती त्याच्या रचनेत, परिभाषेत आणि युक्तिवादाच्या लांबीरुंदीत उतरते.

हे तपासण्यासाठी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा विशेष उपयुक्त आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाहून पाच वर्षांनी वडील. ठाण्याच्या संग्रहालयाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले विनायक लक्ष्मण भावे हे 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते. मराठी वाङ्मयेतिहासाचा हा पायाभूत ग्रंथ कोणत्याही अभ्यासक्रमाने मागवलेला नव्हता. त्याचे मूळ लेखन १८९८-९९ च्या सुमारास 'ग्रंथमाला' मासिकातून आले, पुढे त्याचा विस्तार होत गेला, आणि नंतरच्या काळात शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्याला १९६०, १९८८ आणि २०१० साली भरले, डोंबिवलीला २०१७ साली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीत राहिले. नोकरदार, साक्षर, वर्गणीदार वृत्तीचा मराठी मध्यमवर्ग येथे दाटीने वसलेला आहे. कला-वाणिज्य-विज्ञानाची महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत, १९६० च्या दशकापासूनच्या औद्योगिक वसाहती आहेत. पुण्याबाहेर मराठी शास्त्रीय ग्रंथाला खासगी ग्राहक कोठे मिळायचा तर तो येथेच मिळायला हवा. येथे तो मिळत नसेल, तर 'वाचकच नाही' हे नेहमीचे उत्तर पुरेसे ठरत नाही.

ठाण्याच्या १९६० च्या संमेलनाचे अध्यक्ष रा. श्री. जोग होते, हा योगायोग आपल्या विषयाला उपकारक आहे. जोगांचे 'अभिनव काव्यप्रकाश' १९३० साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे, आवृत्तीमागून आवृत्ती, महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत वाचले गेले. त्याचा ग्राहक प्रामुख्याने विद्यार्थीच होता. या अर्थाने ते अभ्यासक्रमाचे पुस्तक. परंतु आज ते उघडून पाहिले तर जाणवते ते असे की जोग विद्यार्थ्यासाठी लिहीत असले तरी विद्यार्थ्याला उद्देशून उत्तरे देत नाहीत. रस, अलंकार, ध्वनी हा संस्कृत काव्यशास्त्राचा वारसा आणि पाश्चात्त्य काव्यविचार यांना ते एकमेकांसमोर उभे करतात, पूर्वसूरींशी मतभेद नोंदवतात, आणि मग स्वतःचा पक्ष मांडतात. वाचकाने पुस्तक पहिल्या पानापासून वाचले आहे, हे त्यांनी धरून चाललेले असते. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५८) या ग्रंथाविषयीही असेच म्हणता येईल. या पिढीने एकाच पुस्तकात पाठ्यग्रंथ आणि विचारग्रंथ यांचा संसार सांभाळला. अभ्यासक्रमाने विक्रीची हमी दिली, आणि त्या हमीच्या आडोशाने लेखकाने स्वतंत्र विचार केला.

हा संसार पुढे मोडला. त्याची चिन्हे प्रथम गद्यात दिसतात. आज अभ्यासक्रमावर आधारलेल्या कोणत्याही पुस्तकाचे पान पाहावे : उपशीर्षक, त्याखाली दोन ओळींची व्याख्या, त्याखाली क्रमांक घातलेली वैशिष्ट्ये, मग मर्यादा, मग समारोप. वाक्य क्वचितच दीड ओळीपलीकडे जाते. 'परंतु' आणि 'तथापि' ही उभयान्वयी अव्यये या गद्यातून जवळजवळ हद्दपार झालेली आहेत, कारण 'परंतु' म्हटले की मागचे विधान ध्यानात ठेवावे लागते, आणि हे पान तर कोणत्याही ठिकाणी उघडून वाचता आले पाहिजे. येथे लेखकाच्या कुवतीला दोष देण्याचा हेतू नाही. सत्रपद्धती आल्यापासून एका घटकाला मिळणारे तासच असे आहेत की त्यांत पूर्वपक्ष मांडून होईपर्यंत परीक्षा येते. ग्राहक विद्यार्थी आहे, त्याला हे पुस्तक एका सत्रापुरते हवे आहे, आणि सत्र संपताच ते खालच्या वर्गातल्या मित्राला किंवा रद्दीवाल्याला द्यायचे आहे. इतक्या अल्पायुषी वस्तूच्या बांधणीत टिकाऊपणा येणार कोठून? ल. रा. नसिराबादकरांच्या 'प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास' या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या परीक्षा पार पाडल्या. त्याची उपयुक्तता मी मान्यच करतो. परंतु त्याच्या शेजारी 'महाराष्ट्र सारस्वत' ठेवले म्हणजे भाव्यांच्या आवेशी, पक्षपाती, प्रसंगी चुकणाऱ्या आणि म्हणून वाद घालावासा वाटणाऱ्या गद्याची जागा नीटस माहितीने घेतल्याचे लक्षात येते. माहितीशी कोणी भांडत नाही.

आता विक्री आहे पण खप नाही, हे टोक. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. ग्रंथालयांचे वर्ग ठरले, अनुदान ठरले. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ चे. या व्यवस्थेने गावोगावच्या ग्रंथालयांना जगवले, हे निर्विवाद. तिचा एक अनपेक्षित परिणाम मात्र असा झाला की मराठी प्रकाशनव्यवसायाचा एक मोठा हिस्सा घाऊक खरेदीकडे तोंड करून उभा राहिला. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा प्रघात होता. अभ्यासग्रंथाची आवृत्ती आता पाचशेवर, तीनशेवर, किंवा मागणीनुसार छापण्याच्या सोयीमुळे त्याहूनही खाली आली आहे. या प्रती जातात कोठे? महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, जिल्हा ग्रंथालयांत, आणि लेखकाच्या स्वतःच्या घरी. ग्रंथालयातली प्रत विकली गेलेली असते. तिची निर्गमपत्रिका कोरी असते. विक्रीच्या आकड्यात ही प्रत आणि डोंबिवलीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने समासात शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्हे करीत वाचलेली प्रत, या दोन्ही सारख्याच मोजल्या जातात.

या टोकाला २०१० साली आणखी एक बळ मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमावलीने प्राध्यापकाच्या लेखनाला गुणांक दिले. ग्रंथाला प्रमाणित क्रमांक असला की त्याचे गुण ठरले. २०१८ च्या नियमावलीने तपशील बदलले, वृत्ती बदलली नाही. हा क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो, तेव्हा ग्रंथ 'ग्रंथ' ठरण्यासाठी वाचकाची गरजच उरली नाही. प्रबंध छापण्याविषयी विचारणा केली असता एका प्रकाशकाने प्रस्तुत लेखकाला विषय विचारला नाही, पृष्ठसंख्या विचारली, आणि लगेच दुसरा प्रश्न केला : "सर, प्रती किती उचलणार?" उचलणे हे क्रियापद येथे फार अचूक होते. लेखक हाच ग्राहक, आणि मुखपृष्ठ हाच ग्रंथाचा सर्वांत महत्त्वाचा भाग, अशा व्यवहारात प्रबंधाचे ग्रंथात रूपांतर करण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? म्हणून पहिल्या प्रकरणात 'विषयाचे महत्त्व, व्याप्ती व मर्यादा', शेवटच्या प्रकरणात 'निष्कर्ष', मध्ये अवतरणांच्या राशी, असा परीक्षकासाठी बेतलेला सांगाडा जसाच्या तसा छापला जातो. प्रबंध हा तीन परीक्षकांसाठी लिहिलेला मजकूर असतो. ग्रंथ अनोळखी माणसासाठी लिहायचा असतो. अनोळखी माणूस व्यवहारातून वजा झाला, तेव्हा ग्रंथाची गद्यशैलीही वजा झाली.

दुसरे टोक झेरॉक्सच्या दुकानाचे. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाच्या बाहेर पडावे आणि महाविद्यालयाच्या दिशेने चालू लागावे. पुस्तकांच्या दुकानाआधी झेरॉक्सची चार दुकाने लागतात. पदव्युत्तर वर्गाचे वाचन तेथून होते. अलीकडे तेथूनही नाही, भ्रमणध्वनीवरच्या पीडीएफ प्रतीवरून. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानाविरुद्ध तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी लावलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली फेटाळला, आणि अध्यापनाच्या ओघात होणाऱ्या अशा प्रतींना कायद्यातल्या अपवादाचा आधार आहे हे मान्य केले. विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार करता तो निर्णय मला योग्य वाटतो. मला चिंता वाटते ती वाचनाच्या घटकाची. झेरॉक्स प्रकरणाची होते, ग्रंथाची होत नाही. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) हे याचे ठळक उदाहरण. लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांमधला ताण त्या ग्रंथात सावकाश, शेकडो पाने, कान्टपासून मर्ढेकरांपर्यंत अनेक विचारवंतांना साक्षीला बोलावून उभा केलेला आहे. एक प्रकरण वाचणाऱ्याच्या हाती एक भूमिका लागते. ताण लागत नाही. उत्तरपत्रिकांतून पाटणकर कधी कान्टचे अनुयायी म्हणून भेटतात तर कधी त्याचे विरोधक म्हणून, याचे कारण विद्यार्थ्याची बुद्धी हे नसून त्याच्या हातातले प्रकरण हे असते. येथे खप भरपूर आहे. पण खपते आहे ते ग्रंथाचे तुकडे. आणि एकदा वाचन तुकड्यांचे झाले की लेखनही तुकड्यांचे होते : गेल्या काही दशकांत मराठीत सलग विवेचनग्रंथांपेक्षा संपादित लेखसंग्रह, गौरवग्रंथ आणि चर्चासत्रांची इतिवृत्ते यांचे प्रमाण वाढले, ते काही केवळ समीक्षकांच्या आळसाने नव्हे.

डोंबिवलीत एका खासगी वाचनालयाने, पै फ्रेंड्स लायब्ररीने, पुस्तकांच्या आदानप्रदानाचा उपक्रम केला : आपले वाचलेले पुस्तक द्यावे, दुसऱ्याचे घ्यावे. पैसा मध्ये न येता होणारा हा खप. पुनर्विकासात जुन्या इमारती पाडल्या जात असताना, दोन खोल्यांत जपलेले शिक्षकांचे ग्रंथसंग्रह कोठे जातात, हा प्रश्न मनात ठेवून अशा उपक्रमांकडे पाहावे. रस्त्याकडेला मांडलेल्या जुन्या पुस्तकांत एखाद्या दिवंगत प्राध्यापकाच्या सहीचे मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' मिळते तेव्हा आनंद होतो, आणि लाजही वाटते. असो.

तांत्रिक ग्रंथाकडे वळल्यावर प्रश्नाचे स्वरूप अधिक उघडे होते, कारण तेथे वाङ्मयीन प्रतिष्ठेचा बुरखा नाही. मराठीत तांत्रिक ग्रंथ कथा-कादंबरीहून जुना आहे. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची आणि अभियांत्रिकीची पुस्तके मराठीत उतरवली जात होती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ मध्ये मराठी वर्ग सुरू झाला आणि त्याच्यासाठी वैद्यकाची मराठी पुस्तके लिहिली गेली. शिक्षणाचे माध्यम बदलताच ती पुस्तके दृष्टीआड झाली. त्यांतली परिभाषा पुढच्या पिढीच्या हाती पोचली नाही, आणि विसाव्या शतकात शासनाच्या समित्यांना तीच वाट पुन्हा आरंभापासून चालावी लागली. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश ही त्या श्रमाची फळे होत. १९७० च्या दशकात नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने केंद्राच्या साहाय्याने विद्यापीठीय पातळीची मराठी पुस्तके काढली; त्यांतली कित्येक विद्वत्तेच्या दृष्टीने चोख आहेत. परंतु त्यांना दुसरी आवृत्ती लाभली नाही, आणि शास्त्रीय पुस्तकाचे खरे आयुष्य दुसऱ्या आवृत्तीत सुरू होते. पहिल्या आवृत्तीत लेखक शब्द सुचवतो. वापरणारा तो नाकारतो, वाकवतो किंवा स्वीकारतो. दुसऱ्या आवृत्तीत लेखक ते ऐकतो.

वागळे इस्टेटमधल्या कारागिराच्या तोंडी लेथ, चक, बेअरिंग, गिअर हे शब्द आहेत. कोशात त्यांना संस्कृतोद्भव प्रतिशब्द आहेत. या दोहोंची गाठ पडायची जागा म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेले, तेलकट बोटांचे डाग पडलेले पुस्तक. तसे पुस्तक ज्या विषयात नाही, त्या विषयात कोश एका बाजूला आणि कारखाना दुसऱ्या बाजूला राहतो. परिभाषा समितीत जन्मते, पण ती जगते खपाने. साहित्यसमीक्षेतही हेच घडले आहे. 'आदिबंध', 'अपरिचितीकरण', 'संहिता' हे शब्द रुळले ते लोकांनी त्यांवर वाद घालणारे लेख वाचले म्हणून. नेमाड्यांची 'देशीयता' कोणत्याही कोशाच्या शिफारशीवाचून खेडोपाडीच्या महाविद्यालयांपर्यंत गेली. 'टीकास्वयंवर' (१९९०) विकत घेतले गेले, उसने नेले गेले, त्यावर चिडून लिहिले गेले. त्याउलट १९८७ च्या 'साहित्य समीक्षा परिभाषा कोशा'तील कित्येक प्रतिशब्द कोशाबाहेर पडलेलेच नाहीत.

अलीकडे या क्षेत्रात हालचाल दिसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास मुभा दिली. महाराष्ट्रात तंत्रनिकेतनांत मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाचा पर्याय आला. परिषदेने मराठीसह अनेक भाषांतली पाठ्यपुस्तके ई-कुंभ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. हे स्वागतार्हच आहे. परंतु विनामूल्य पुस्तकाला विक्री नसते आणि त्याचा खप कळण्याचे साधन एक उतरवून घेतलेल्या प्रतींची संख्या एवढेच असते. उतरवून घेणे म्हणजे वाचणे नव्हे. जेथे ग्राहक नाही तेथे तक्रार करणाराही नाही. 'हे वाक्य मला कळले नाही' असे म्हणणारा विद्यार्थी लेखकापर्यंत पोचणार कोणत्या वाटेने?

या ठिकाणी श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण अपरिहार्य आहे. मराठी शास्त्रीय ग्रंथाची विक्री हा बौद्धिक प्रश्न आहे, हे ज्यांना पूर्णपणे उमगले होते असे ते बहुधा एकमेव. ज्ञानकोशासाठी त्यांनी १९१६ साली मर्यादित भांडवलाची कंपनी उभारली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवण्यासाठी माणसे गावोगाव पाठवली, आणि १९२० च्या दशकात २३ खंडांचा हा प्रकल्प तडीस नेला. पुढे 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने त्यांनी या उद्योगाची कहाणीही लिहिली. तिच्यात विद्वत्ता आणि वसुली एकाच पंक्तीला बसतात; वर्गणीदार कोण, तो का घेतो, का टाळतो, हे केतकरांना विषयाच्या बाहेरचे वाटत नाही. कोश कोणासाठी लिहायचा हे त्यांना वर्गणीदारांनीच शिकवले असणार. मराठी विश्वकोश हे नंतरचे, शासनाच्या आश्रयाने झालेले, अधिक शिस्तबद्ध काम. पहिला खंड १९७६ चा. आज त्याच्या नोंदी संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. केतकरांची शैली विश्वकोशात नाही, हे गुणदोष दोन्ही अर्थांनी खरे आहे. तटस्थता राज्यसंस्थेच्या आधाराने येते. वर्गणीदाराच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तटस्थ राहणे परवडत नाही, त्याला आपले म्हणणे पटवून द्यावे लागते.

संमेलनांतल्या ग्रंथविक्रीचे आकडे वृत्तपत्रे कोटींत देतात. डोंबिवलीचे २०१७ चे संमेलन नोटाबंदीनंतर तीन महिन्यांच्या आत भरले होते, तेव्हा तेथील विक्रीची चर्चा विशेषच झाली. परंतु त्या चर्चेत शास्त्रीय ग्रंथ किती आणि स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शक किती, असा भेद केलेला आढळत नाही. तो केला असता तर एक चमत्कारिक गोष्ट दिसली असती : मराठीत आज सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या शास्त्रीय पुस्तकांपैकी एक व्याकरणाचे आहे. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' या पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानात, कित्येकदा स्थानकाजवळच्या मांडणीवरही असते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणारी मुले ते लोकलमध्ये उभ्याने वाचताना दिसतात. व्याकरणाला इतका वाचक मराठीच्या इतिहासात कधी लाभला नसेल. हे पुस्तक अखेरपर्यंत वाचले जाते, त्याच्या कडा दुमडतात, त्यातील नियमांवरून डब्यात वादही होतात. म्हणजे विक्री आणि खप यांची भेट झालेले हे दुर्मिळ उदाहरण. आणि तरीही मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११), जे कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी १९७० साली साक्षेपाने संपादून पुन्हा वाचकांपुढे ठेवले, किंवा अरविंद मंगरूळकरांचा 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' (१९६४), यांच्यापर्यंत त्या लाखो वाचकांपैकी कोणी जात नाही. प्रयोग किती आणि कोणते, हे वाळंबे सांगतात. ते तितकेच का मानावेत, हा दामल्यांचा आणि मंगरूळकरांचा प्रश्न आहे. परीक्षेत पहिला प्रश्न येतो. या दोन पुस्तकांमधले अंतर भरून काढणारे, वाळंबे पाठ झालेल्या आणि परीक्षा होऊन गेलेल्या पंचविशीतल्या माणसासाठी लिहिलेले व्याकरणाचे पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही. तो माणूस डोंबिवलीला राहतो, रोज जाऊन-येऊन अडीच तास गाडीत असतो, आणि व्याकरण वाचण्याची सवय त्याला आधीच लागलेली आहे.